अभ्यासपाठ : पाड्यावरच्या दवाखान्यासाठी पशुवैद्य शोधताना



या अंकातला पाठ जनावरांच्या स्वस्त दवाखान्याबद्दल आहे. औषधांची यादी यात सापडणार नाही. पाठ आहे तो डॉक्टर मिळवण्याचा आणि टिकवण्याचा, कारण आपण तिथेच अडखळतो.

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांत शेळी म्हणजे घरातली रोकड. भात आणि नाचणी खायला पुरली तरी खूप झाले. बाळंतपण, मुलाची शाळा, लग्नातला खर्च असे काही आले की शेळी बाजारात जाते. पावसाच्या तोंडी लस न टोचलेल्या कळपात आंत्रविषार शिरला, तर संध्याकाळी धडधाकट दिसलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. तेव्हा डॉक्टर धावत आला तरी उपयोग नसतो. तो मे महिन्यातच यायला हवा होता.

आमची चूक आधी सांगतो. आम्ही खोली रंगवली, फलक लावला, कपाट औषधांनी भरले आणि मग डॉक्टर शोधायला निघालो. एक तरुण, मनाचा चांगला मुलगा मिळाला. सात महिन्यांत तो गेला. आम्ही आपापसात म्हणालो, सेवाभाव कमी पडला. पुढे वही उघडून हिशेब मांडला तेव्हा मान खाली घालावी लागली. दवाखाना लोकांना स्वस्त पडावा म्हणून जी तूट येत होती, ती आम्ही त्याच्या पगारातून, पेट्रोलमधून आणि झोपेतून भरून काढत होतो.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. एका जनावरामागे २० रुपये फी, दिवसाला १५ जनावरे, महिन्याचे २५ दिवस. झाले ७,५०० रुपये, आणि तेही सगळे रोख देतील असे धरून. यातून औषधेही येणार नाहीत, मग डॉक्टरचा पगार कुठला? फी ठेवावी, कारण फुकटच्या गोळीची लोकांना किंमत वाटत नाही. पण पगार देणगीतून किंवा प्रकल्पाच्या निधीतून, निदान दोन वर्षांसाठी बाजूला काढल्याशिवाय जाहिरात देऊ नये.

आता कोणाला शोधायचे? पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि तिच्यात एक वर्षाची इंटर्नशिप येते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच उपचाराचा व्यवसाय करता येतो. पदविकाधारकाला शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. ‘पदविकावाला कमी पैशात येतो, त्यालाच डॉक्टर म्हणू’ ही पळवाट कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत हातात घेऊन, ती चालू आहे ना ते पाहावे.

आमच्या भागाला सर्वांत जवळचे महाविद्यालय मुंबईचे, १८८६ साली सुरू झालेले. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. तिथे नुसते पत्र पाठवून भागत नाही. प्राध्यापकांना भेटावे, इंटर्नशिपच्या मुलामुलींना दोन दिवस पाड्यावर आणावे. मुलींना आवर्जून बोलवा. शेळ्या-कोंबड्यांचे बघणे बहुतेक घरांत बाईकडे असते आणि ती दुसऱ्या बाईशी मोकळेपणाने बोलते. पण त्याआधी राहायची खोली, कडीचे दार आणि पाण्याची सोय असलेले शौचालय तयार हवे.

बरेच तरुण पदवीधर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत असतात. पशुधन विकास अधिकारी होण्याची इच्छा ठेवण्यात गैर काही नाही. मुलाखतीत हे लपवायला लावू नका, उघड विचारा. अभ्यासाला वेळ द्या आणि जाण्याआधी तीन महिने सांगावे एवढे लेखी ठरवा. दोन वर्षे मनापासून काम करून गेलेला डॉक्टर उद्या सरकारी दवाखान्यात आपला माणूस असतो.

पूर्ण वेळेचा डॉक्टर परवडत नसेल तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस पुरतात, मात्र ते बाजाराच्या वाराला जोडून असावेत. तालुक्यातला खासगी डॉक्टर किंवा निवृत्त अधिकारी असा वेळ देऊ शकतो. निवृत्तांना भाग माहीत असतो. चढण मात्र आपल्या गाडीने करवावी लागते. मधल्या दिवसांत पशुसखी आजारी जनावरांची नोंद ठेवते आणि लसीच्या दिवशी कळप घरी थांबवते. अडीनडीला १९६२ या क्रमांकावर शासनाचे फिरते पथक आहेच. आपण त्याला स्पर्धक नाही, हे तालुक्याच्या अधिकाऱ्यांना आधीच जाऊन सांगावे. लसही बरेचदा त्यांच्याकडूनच मिळते.

मुलाखत कार्यालयात घेऊ नका. उमेदवाराला पाड्यावर न्या आणि बघा, तो शेळीला हात लावण्याआधी बाईला काही विचारतो का. एक प्रश्न मी नेहमी विचारतो : वीज दोन दिवस गेली तर लसीचे काय कराल? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. ‘शंका आली तर टोचणार नाही, पुन्हा मागवीन’ असे म्हणणारा मला आवडतो. दुसरा प्रश्न डायक्लोफिनॅकचा. गिधाडे मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद करण्यात आले. आमच्या शेजारी खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांच्या खाण्याची खास जागा केली आहे, तेव्हा इथे हा प्रश्न पुस्तकी नाही.

नेमणूकपत्रात पगाराच्या तारखेबरोबर आणखी चार गोष्टी लिहा : पेट्रोल वेगळे, आठवड्याची सुट्टी, रात्रीच्या हाकेचा नियम आणि रेबीजची आगाऊ लस. गाभ टाकलेल्या शेळीला हात घालताना लागणारे लांब हातमोजेही संस्थेने द्यावेत. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

आमच्याकडे सध्या डॉक्टर मंगळवारी आणि शनिवारी येतात. रात्री फोन आला तर आधी पशुसखी जाऊन पाहते, मगच त्यांना उठवायचे असे ठरले आहे. पहिल्या महिन्यात लोक कुरकुरले. यंदाची लस मात्र पाऊस पडायच्या आत बाराही पाड्यांत टोचून झाली.