स्पीच थेरपी सेंटर सुरू करायचंय? आधी नोंदणी क्रमांक बघा, मग जागा बघा

व्हिडिओत हा विषय वीस मिनिटांत गुंडाळावा लागला होता. कायदा आणि हिशेब, दोन्ही घाईत सांगून चालत नाहीत, म्हणून इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

हिंगणघाटसारख्या गावात हा धंदा का सुचतो, ते आधी बघू. मूल अडीच-तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." त्यात वर्ष जातं. मग कुणीतरी सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर गाठायला सांगतं. तिथे तपासणी होते, आणि स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा घ्या म्हणून सांगतात. आता हिंगणघाटहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. आईने एक मूल कडेवर घ्यायचं, दुसरं शेजारी ठेवायचं, गाडी पकडायची, अर्ध्या-पाऊण तासाच्या सेशनसाठी अख्खा दिवस घालवायचा. दोन महिन्यांत घर थकतं आणि थेरपी सुटते. लकवा मारल्यावर वाचा गेलेले आजोबा, तोतरं बोलणारा कॉलेजचा मुलगा, कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं बाळ, सगळ्यांचं हेच. इम्प्लांटच्या बाबतीत तर ऑपरेशन ही फक्त सुरुवात असते. ऐकायला आणि बोलायला शिकवण्याचं काम त्यानंतर महिनोन्‌महिने चालतं.

म्हणजे गरज खरी आहे, आणि ती गावातच आहे. म्हणून लोक मला विचारतात, "सर, एक हॉल आहे, खेळणी आणतो, एखादी मुलगी ठेवतो, करू का सुरू?" थांबा. हा शिकवणी वर्ग नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. तो २२ जून १९९३ पासून लागू झाला. याच परिषदेला सगळे आरसीआय म्हणतात. कायद्यात 'पुनर्वसन व्यावसायिक' कोण याची यादी दिली आहे आणि तिच्यात पहिलंच नाव ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टचं आहे. या लोकांची नोंद परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत होते आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. या क्षेत्रात त्याला 'सीआरआर नंबर' म्हणतात. हा शब्द पाठ करून टाका.

कलम १३ मन लावून वाचण्यासारखं आहे. नोंद असलेला माणूसच भारतात कुठेही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून प्रॅक्टिस करू शकतो, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करू शकतो, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊ शकतो. नोंद नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून काही जण हसतात. त्याआधीचा 'कैद' हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही बहुतेक.

आता एक गंमत. अमेरिकेत स्पीच थेरपिस्टला प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं लागतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं की तिथल्या बोर्डाकडे पुन्हा अर्ज. आपल्याकडे उलट आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी महाराष्ट्राची स्वतःची परिषद आहे, पण स्पीचसाठी राज्याचं वेगळं लायसन्स नाही. आरसीआयचा एकच क्रमांक देशभर चालतो. म्हणजे हैदराबादला किंवा भोपाळला शिकलेली मुलगी लग्न होऊन हिंगणघाटला आली, तर तिला तोच नंबर इथे वापरता येतो. तुमच्यासारख्या सेंटर काढणाऱ्याला ही मोठी सोय आहे. अशी ताई गावात घरी बसलेली असू शकते, आधी तिला शोधा.

कोण काय करू शकतं

मुख्य पदवी बीएएसएलपी. बारावी विज्ञाननंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पुढे मास्टर्स आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ ची, केंद्र सरकारची. या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांचा तिच्याशी कुठे ना कुठे संबंध येतो. देशातली सगळ्यात जुनी मोठी संस्था म्हैसूरची, आयीश म्हणतात तिला.

मग सहायक. इथेच सगळा घोळ होतो. बारावीनंतर एक वर्षाचा डीएचएलएस नावाचा डिप्लोमा आहे: हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच. तो झालेल्याचीही आरसीआयकडे नोंद होते. पदवीवाल्यासारखं काम मात्र त्याला करता येत नाही. डिप्लोमावाला पदवीधराच्या देखरेखीखाली काम करतो: ठरवून दिलेले व्यायाम घेणं, नोंदी ठेवणं, पालकांना घरचा अभ्यास समजावणं, तपासणीत मदत करणं. मुलाला नेमकं काय झालंय हे ठरवणं, थेरपीची दिशा आखणं आणि रिपोर्टवर सही करणं ही पदवीधराची कामं. डिप्लोमावाल्याला खुर्चीत बसवून पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट' लिहिलं, तर ती फसवणूक झाली. पगार वाचला म्हणून तिचं नाव बदलत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे ऑनलाइन 'स्पीच थेरपी सर्टिफिकेट'. त्यावर सोनेरी शिक्का असतो, कधी 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असंही लिहिलेलं असतं. पालकाला किंवा शिक्षकाला माहिती म्हणून असा कोर्स वाईट नाही. पण त्यावर सीआरआर नंबर मिळत नाही, आणि नंबर नाही तर प्रॅक्टिस नाही. फी भरण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा. ती संस्था, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही जुळलं पाहिजे. मान्यता ठरावीक मुदतीची असते. दहा वर्षांपूर्वी मान्यता होती, याला आज अर्थ नाही.

माणूस ठेवताना मूळ प्रमाणपत्र बघा, नंबर वेबसाइटवर टाकून नाव जुळवा आणि मुदत कधी संपते ते तुमच्या वहीत लिहा. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी त्या काळात प्रशिक्षण-परिषदांचे शंभर गुण जमवावे लागतात. थेरपिस्टने दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी सुट्टी मागितली तर तोंड वाकडं करू नका. ती सुट्टी तुमच्याच सेंटरच्या कामाची आहे.

जो कागद बहुतेक जण विसरतात

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, आणि वाचा व भाषा दिव्यांगता हा त्यातला स्वतंत्र प्रकार आहे. याच कायद्याचं कलम ५० सांगतं की दिव्यांग व्यक्तींसाठी संस्था चालवायची तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून नोंदणी प्रमाणपत्र लागतं. 'संस्था' या शब्दात कायद्याने काळजी, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन असं सगळंच घातलंय. एका पदवीधराचं छोटं क्लिनिक आणि दहा-पंधरा मुलं रोज येतात असं थेरपी सेंटर, यात फरक पडू शकतो. म्हणून मी सांगतो की वर्ध्याला जिल्हा परिषदेत जा, दिव्यांगांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना तुमचा बेत एका पानावर लिहून द्या आणि उत्तर लेखी मागा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे, गरज पडली तर प्रकरण तिथे जातं. या कायद्याचा भंग झाला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, आणि पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख.

बाकीचे कागद सोपे आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट. एजंटला पैसे देऊ नका. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायदा २०१७. कामगार मोजकेच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. प्रोफेशनल टॅक्स आहेच. आरोग्यसेवेला जीएसटीत सूट आहे, पण तुम्ही त्याच जागेत पालकांचे पेड वर्कशॉप घेणार असाल, खेळणी विकणार असाल, तर सीएला आधी विचारा.

पाटीवर थेरपिस्टचं नाव, पदवी आणि सीआरआर नंबर. बिलावरही तेच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. पालकाने तुमचं बिल जोडून पैसे मागितले आणि बिलावर नोंद नसलेल्याची सही असली, तर तोंडघशी पडतो तो पालक. आणखी एक: दिव्यांगतेचं सरकारी प्रमाणपत्र प्राधिकृत सरकारी यंत्रणाच देते. "आमच्याकडे प्रमाणपत्र मिळेल" असं छापू नका. "शंभर टक्के खात्रीने बोलू लागेल" असं तर मुळीच नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे.

आता हिशेब

आकडे मी धरून चाललोय, तुम्ही तुमच्या गावचे टाका. एका सेशनचे ४०० रुपये, दिवसाला ६ सेशन, महिन्याला २४ दिवस. झाले १४४ सेशन, ५७,६०० रुपये. कागदावर छान दिसतं. पण मुलं आजारी पडतात, पाऊस येतो, लग्नसराई येते. चारातलं एक सेशन बुडतं असं धरा. उरले १०८ सेशन, ४३,२०० रुपये. थेरपिस्टचा पगार ३०,०००, भाडं ७,०००, वीज-साहित्य ३,०००. हातात ३,२०० रुपये. आणि हे सहाही जागा पहिल्या दिवसापासून भरल्या असं धरून! पहिले सहा महिने त्या भरत नाहीत.

नेमका याच ठिकाणी माणूस घसरतो. "डिप्लोमावाली १२ हजारांत येते," असा विचार इथे डोक्यात येतो. त्याऐवजी दुसरं गणित मांडून बघा. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दुपारी रिकामी राहणारी खोली आठवड्यातून दोन दिवस घ्या, २,००० रुपये महिना. नागपूरची किंवा वर्ध्याची नोंदणीकृत थेरपिस्ट त्या दोन दिवशी येईल. दिवसाला आठ मुलं, महिन्याला आठ दिवस, ६४ सेशन. तेच चारातलं एक बुडवा: ४८ सेशन, १९,२०० रुपये. साठ टक्के तिचे, म्हणजे ११,५२०. तुमचे ७,६८०, त्यातून खोलीचे दोन हजार गेले, राहिले ५,६८०. पहिल्या गणितापेक्षा जास्त, आणि पगाराचा बोजा नाही. शिवाय मुलांना थेरपी आठवड्यातून दोनदाच हवी होती, ती मिळाली. पाच-सहा महिन्यांत वेटिंग लागली की डिप्लोमाधारक सहायक घ्या. मधल्या दिवशी ती व्यायाम घेईल, थेरपिस्ट आली की नोंदी तपासेल. तेव्हा सहायकाचा पगार निघतो आणि कायदाही पाळला जातो.

थेरपिस्टबरोबर लेखी करार करा. सोडून जायचं तर दोन महिन्यांची सूचना, आणि प्रत्येक मुलाची फाइल सेंटरमध्ये. कारण ती गेली की तुमचं सेंटर त्या दिवशी बंद आहे. किराणा दुकानात मालक गल्ल्यावर बसला की दुकान चालतं, इथे तुम्ही स्वतः बसू शकत नाही. दुसऱ्या एका थेरपिस्टशी पहिल्या दिवसापासून ओळख ठेवा, निदान ऑनलाइन सेशनपुरती तरी.

फाइलमध्ये मुलाच्या तपासणीचे कागद, पालकांची सही, दर महिन्याची प्रगती. मोबाइलवर मुलांचे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकायचे नाहीत. पालक "चालेल" म्हणाले तरी नाही. तेच मूल मोठं होऊन ह्याच गावात राहणार आहे.

श्रवणयंत्रांचं मुद्दाम लिहिलं नाही. ते वैद्यकीय उपकरण आहे, त्याच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत आणि इअर मोल्ड बनवणारा तंत्रज्ञही आरसीआयच्याच यादीत येतो. त्यावर पुढचा व्हिडिओ. तोवर एक काम करा: घराजवळचे बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांना भेटून विचारा, महिन्याला किती मुलांना स्पीच थेरपीसाठी बाहेरगावी पाठवता. तो आकडा दहाच्या आत आला तर एकच दिवस ठरवून सुरुवात करा.