परिषदेतील शोध-पोस्टर सत्र : नियोजन व संचालन

आयुर्वेद परिषदांमध्ये व्याख्यानांच्या जोडीने पोस्टर सत्र ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. तथापि जिल्हा व तालुका पातळीवरील परिषदांत हे सत्र पुष्कळदा सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात टांगलेल्या रंगीत फलकांपुरतेच उरते. चहाच्या वेळी मंडळी त्यावरून नजर फिरवितात, सायंकाळी फलक गुंडाळले जातात आणि प्रमाणपत्रे वाटून सत्राची सांगता होते. वास्तविक, ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्याला आपला अनुभव समव्यावसायिकांपुढे तपासणीसाठी ठेवण्याचे इतके सोपे व अल्पखर्चिक साधन दुसरे नाही. महाड-पोलादपूर परिसरात एक दिवसाची परिषद भरवावयाची झाल्यास पोस्टर सत्राचे नियोजन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) पोस्टर सत्राचे स्वरूप

पोस्टर सत्रात संशोधकाने आपले काम एका फलकावर मांडावयाचे, ठरावीक वेळ त्या फलकाशेजारी उभे राहावयाचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असते. १९६९ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या युरोपीय जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत ही पद्धत अवलंबिली गेली व १९७४ मध्ये ती अमेरिकेत पोहोचली. निबंधांची संख्या वाढली आणि व्याख्यानांसाठी वेळ अपुरा पडू लागला, ही तिच्या प्रसारामागील व्यावहारिक अडचण होती.

आपल्या परंपरेला मात्र यामागील तत्त्व नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. ज्ञानवृद्धीसाठी सलोख्याने केलेली चर्चा ती संधाय संभाषा आणि प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी केलेला वाद ती विगृह्य संभाषा. व्यासपीठावरील व्याख्यानानंतर पाच मिनिटांत उरकलेली प्रश्नोत्तरे यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाहीत. पोस्टरशेजारी दोन वैद्य समोरासमोर उभे राहून मात्रा, अनुपान, काल व उपशय यांविषयी दहा मिनिटे बोलतात, तेव्हा ती खऱ्या अर्थाने संधाय संभाषा होते. सत्राची सर्व आखणी या दहा मिनिटांसाठी करावयाची आहे, हे संयोजकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

२) महाडचाच दाखला

ग्रामीण दवाखान्यात संशोधन होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाडमध्ये तरी दूर जावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण दगावत असताना त्यांनी अशा रुग्णांच्या लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचा त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेखही तेथेच आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

त्यांची चिकित्सापद्धती आपल्याहून भिन्न असली तरी नोंदीची शिस्त कोणत्याही पॅथीची मक्तेदारी नाही. त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. त्यात एकूण ७० रुग्ण होते, प्रत्येक गटात ३५. दहा तासांनंतर प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्णतः लक्षणमुक्त झाले होते. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. किती रुग्ण, कोणती चिकित्सा, किती वेळाने, किती जणांना लाभ आणि कोणाशी तुलना करून, ही पाच उत्तरे दोन वाक्यांत मिळतात. पोस्टरवर मांडावयाचा निष्कर्ष असाच असावा.

३) विषयनिवड

विषय आपल्या दवाखान्याच्या ओसरीतच शोधावा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आपण सर्वजण दरवर्षी पाहतो. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेला ‘अलस’ हाच. रुग्ण पुष्कळ, निदान प्रत्यक्ष डोळ्यांनी करता येणारे, अवधी अल्प. असा विषय पहिल्या पोस्टरसाठी उत्तम होय. ‘आमवातात अमुक गुग्गुळाची कार्मुकता’ असा विस्तृत विषय घेऊन चार रुग्णांवर सिद्धान्त मांडण्यापेक्षा हे अधिक फलदायी ठरेल.

प्रश्न एका वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ, ‘लावणीच्या काळात चिखल्या झालेल्या प्रौढ रुग्णांमध्ये त्रिफळा क्वाथाने पादप्रक्षालन केल्यास १४ दिवसांत कंडू, दाह, वेदना व स्राव यांत किती फरक पडतो?’ प्रत्येक लक्षणाला ० अभाव, १ अल्प, २ मध्यम व ३ तीव्र अशी श्रेणी द्यावी आणि पहिल्या, सातव्या व चौदाव्या दिवशी ती नोंदवावी. मधुमेही रुग्णांची नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण त्यांच्या पायाच्या क्षुल्लक जखमेचेही गंभीर परिणाम संभवतात.

येथे एक आक्षेप आधीच विचारात घ्यावा. लावणी आटोपली व पाय कोरडे राहू लागले की चिखल्या आपोआपही भरून येतात. मग लाभ क्वाथाचा की कोरडेपणाचा? म्हणून त्याच पंधरवड्यात केवळ पाय धुऊन कोरडे ठेवणाऱ्या रुग्णांचा गट तुलनेसाठी असणे आवश्यक आहे. पोस्टरपुढे येणारा जाणता वैद्य हा प्रश्न प्रथम विचारील.

४) न आलेल्या रुग्णांचा हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, ४० रुग्णांना चिकित्सा दिली, चौदाव्या दिवशी ३१ आले व त्यांपैकी २२ जणांना उपशय होता. ३१ हा छेद धरल्यास यश ७१ टक्के येते, ४० धरल्यास ५५ टक्के. उरलेले ९ रुग्ण कोठे गेले? बरे झाले म्हणून आले नाहीत, गुण न आल्याने दुसरीकडे गेले, की वाडीवरून एस.टी.ने येण्यात दिवसाची मजुरी बुडत होती? उत्तर ठाऊक नसेल तर पोस्टरवर दोन्ही आकडे द्यावेत आणि न आलेल्यांची संख्या स्पष्ट लिहावी. अनुपशय झालेल्या रुग्णांनाही पोस्टरवर स्थान हवे. कोणत्या प्रकृतीत, कोणत्या अवस्थेत चिकित्सा लागू पडली नाही, हे कळल्यानेच दुसऱ्या वैद्याचा रुग्ण वाचतो.

नोंदवह्यांच्या जतनाविषयीही येथेच सांगावयास हवे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा प्रदेशात कागदी नोंदीची एकच प्रत तळमजल्यावरील कपाटात ठेवणे धोक्याचे आहे. दर आठवड्याला पानांची छायाचित्रे काढून ती अन्यत्र सुरक्षित ठेवावीत. मात्र त्यांवर रुग्णाचे नाव न घालता केवळ क्रमांक असावा.

५) संमती आणि गोपनीयता

चिकित्सेचा परिणाम तपासण्यासाठी मुद्दाम रुग्ण निवडून गट पाडावयाचे असल्यास ते चिकित्सासंशोधन होते. त्यासाठी नीतिसमितीची पूर्वमान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि पहिला रुग्ण समाविष्ट करण्यापूर्वी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे नोंदणी करावी. ही नोंदणी २००७ पासून उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे व आयुष विभागाची २०१३ ची तत्त्वे संयोजकांनी वाचलेली असावीत. एकट्या वैद्याकडे नीतिसमिती नसते. म्हणून संघटनेनेच एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाशी आधी बोलणी करून मार्ग खुला करून द्यावा.

गोपनीयतेचा प्रश्न लहान तालुक्यात अधिक नाजूक आहे. मुंबईच्या परिषदेत ‘४५ वर्षीय स्त्री, अंगणवाडी सेविका’ असे लिहिल्याने कोणी ओळखले जात नाही. पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वाडीचे नाव त्यास जोडले की सभागृहातील निम्म्या लोकांना ती व्यक्ती कळते. म्हणून गावाचे नाव वगळावे, वय ‘४० ते ५०’ असे द्यावे व व्यवसाय रोगाशी संबंधित असेल तरच लिहावा. डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने चेहरा लपत नाही. चेहऱ्याचे छायाचित्र टाळावे. श्वित्र, वंध्यत्व, गुह्यरोग व मनोविकार यांबाबत विशेष दक्षता बाळगावी.

६) फार्मसीचालकांचा सहभाग

परिषदेचा खर्च बहुतांशी औषधनिर्मात्यांच्या साहाय्याने चालतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु विक्रीचे स्टॉल व पोस्टरचे दालन ही दोन स्वतंत्र ठिकाणी असावीत. फार्मसीने औषध विनामूल्य पुरविले असेल, मानधन दिले असेल अथवा वैद्य स्वतःच त्या औषधाचा निर्माता असेल, तर तसे पोस्टरच्या तळाशी एका ओळीत जाहीर करावे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ मधील सूचीतील व्याधींबाबत ‘समूळ बरा’ अशी भाषा पोस्टरवरून जाहिरातीत उतरल्यास वैद्य व फार्मसी दोघेही अडचणीत येतात.

फार्मसीचालक पैशाहून मोलाचे दुसरे काही देऊ शकतात, ते म्हणजे औषधाची ओळख. घटकद्रव्ये, कल्प, बॅच क्रमांक व निर्मितीचा महिना ही माहिती त्यांनी लेखी द्यावी. रास्ना म्हणून दक्षिणेत कुलिंजनाचे मूळ वापरतात, उत्तरेत वेगळीच वनस्पती. शंखपुष्पीच्या नावाखाली काही ठिकाणी गोकर्ण घेतात. पोस्टरवर नुसते ‘रास्नादि क्वाथ’ लिहिल्यास त्या प्रयोगाची पुनरावृत्ती कोणालाच करता येणार नाही. औषधामुळे काही उपद्रव दिसला असल्यास तोही नोंदवावा.

७) पोस्टरची रचना

आपल्याकडील सभागृहांचा आकार पाहता ए-१, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटर, हे उभे माप सोयीचे; मोठ्या दालनात ए-०, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. मजकूर ४०० ते ५०० शब्दांचा, दीड मीटर अंतरावरून वाचता येईल असा असावा. शीर्षक, लेखकांची नावे, प्रश्न, पद्धती, परिणाम, चर्चा, मर्यादा व निवेदने असा क्रम ठेवावा. एक कोष्टक व एक आलेख पुरेसा. धन्वंतरीचे चित्र, संस्थेची बोधचिन्हे व मान्यवरांची छायाचित्रे यांत निम्मा फलक खर्ची पडू नये. फ्लेक्सपेक्षा कापडी छपाई घडी घालून नेता येते व प्रकाशात चकाकत नाही.

८) वेळापत्रक

परिषद नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ठेवावी. पावसाळ्यात आंबेनळी व वरंध या घाटांचा भरवसा नसतो. त्यामुळे लावणीच्या काळात संकलित केलेली माहितीही मांडण्यास तयार झालेली असते.

परिषदेपूर्वी १६ आठवडे : विषय व नियम जाहीर करणे.
१० आठवडे : २५० शब्दांचे सारांश मागविणे.
८ आठवडे : लेखकाचे नाव झाकून दोन परीक्षकांकडून वाचन.
६ आठवडे : स्वीकृती व दुरुस्तीच्या सूचना कळविणे.
२ आठवडे : छपाईपूर्वी अंतिम मजकुराची तपासणी.

नियम जाहीर करताना रुग्णसंग्रह अपुरा असलेल्यांनी एकाच रुग्णाचा सविस्तर वृत्तान्त द्यावा, असे आवर्जून लिहावे. नीट नोंदविलेला एक रुग्ण हा ढोबळ शंभरांपेक्षा श्रेष्ठ होय.

९) सत्राचा दिवस

२४ पोस्टर स्वीकारल्यास दुहेरी बाजूंचे १२ फलक लागतात. दोन रांगांमध्ये दोन मीटर वाट सोडावी. सत्राला स्वतंत्र ९० मिनिटे द्यावीत व त्या वेळी दुसरे व्याख्यान ठेवू नये. पहिली ४५ मिनिटे विषम क्रमांकाच्या, नंतरची ४५ मिनिटे सम क्रमांकाच्या लेखकांनी आपल्या फलकाशी उभे राहावे. त्यामुळे प्रत्येक लेखकाला इतरांचे कामही पाहता येते. परीक्षकांच्या तीन जोड्या नेमल्यास प्रत्येकीकडे आठ पोस्टर येतात, म्हणजे पाच मिनिटांप्रमाणे ४० मिनिटांचे काम.

१०० गुणांची विभागणी अशी सुचवावीशी वाटते : प्रश्नाची स्पष्टता २०, पद्धती ३०, परिणामांची प्रामाणिक मांडणी २५, चर्चा १५, सजावट १०. परीक्षकांनी गुणांबरोबर प्रत्येक लेखकाला एक लेखी सूचना द्यावी. प्रत्येक फलकाखाली प्रश्नपत्रिकांसाठी एक पाकीट लावावे. ज्येष्ठ वैद्यांसमोर प्रश्न विचारण्यास संकोचणारे तरुण वैद्य त्यात आपली शंका लिहून टाकतील.

सत्र संपले तरी संयोजकांचे काम संपत नाही. सारांश, आलेले प्रश्न व लेखकांची उत्तरे संघटनेच्या पुढील अंकात छापावीत आणि सहा महिन्यांनी प्रत्येक लेखकाला अभ्यास कोठवर आला, हे विचारावे.

आपल्या दोन तालुक्यांत तीस-चाळीस वर्षे चिकित्सा केलेले वैद्य आहेत. त्यांच्या हातचा गुण गावोगावी सांगितला जातो, परंतु तो कोणत्या रुग्णाला, कोणत्या मात्रेने व कशाने आला याची नोंद नसेल, तर तो दवाखाना बंद होताच तेथेच लोपतो. येत्या हंगामात प्रत्येक वैद्याने एक व्याधी निवडून नोंदवही सुरू करावी, आणि प्रत्येक फार्मसीचालकाने अशा एका तरी वैद्याला आपल्या औषधाचा संपूर्ण तपशील लेखी द्यावा, ही विनंती. इत्यलम्.