गांवचें पाणी व त्याचा हिशेब

गांवच्या सुखसोयींविषयीं बोलणें निघालें म्हणजे रस्ता, वीज, शाळा, दवाखाना हीं नांवें प्रथम घेतलीं जातात. परंतु शेतकऱ्याच्या गांवीं या सर्वांच्या आधीं पाणी येतें; आणि पाणी किती आहे या प्रश्नाइतकाच तें कोणास मिळतें हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या पाठांत आपण तेवढ्याच गोष्टीचा विचार करूं.

आपल्या वाडवडिलांस हें समजावून सांगावें लागत नसे. विहीर गांवांत असे व आपली वस्ती गांवाबाहेर. बायका घागर खालीं ठेवून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून वाट पाहत बसत. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्या लोकांस मार खावा लागला. आणि तो हक्क हायकोर्टांत कायम होण्यास १९३७ साल उजाडलें.

पुढें १९७२ च्या दुष्काळांत विहिरी आटल्या व खडकांत खोल बोअर घेणें भाग पडलें. त्यांवरील बिडाचे हातपंप वारंवार मोडत. कारण ते एका कुटुंबापुरते, आणि येथें सबंध गांव दिवसभर दांडा हालविणार! जालना, सोलापूर अशा ठिकाणीं पोलादी पंप घडविण्यांत आले, व सोलापुरी नमुन्यावरून 'इंडिया मार्क दोन' हा पंप निघाला. त्याच्या दांड्यास सांखळी असून तिच्या योगें आंतील गज सरळ खालींवर होतो. पंपामुळें शिवाशीव गेली असें कोणी समजूं नये. पण वस्तीच्या दारीं पंप बसला तेथें वरून ओतणाऱ्याची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु बोअर वाढले तसें भूमींतील पाणीहि खालीं गेलें. याविषयीं नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवापासून शिकण्यासारखें आहे. पोपटराव पवार हे १९८९ सालीं तेथें सरपंच झाले. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें चर व बांध घातले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली, आणि शेतीकरितां बोअर घेण्यास बंदी केली. तेथें पाऊस मोजून पाण्याचा हिशेब ग्रामसभेंत मांडतात. आधीं माणसांचें व गुरांचें पिणें. मग उरेल तें पिकांस.

हा हिशेब कठीण नाहीं. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी झालें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनाच्या मापानें माणशीं रोज ५५ लिटर धरिलें, तर पांच माणसांच्या घरास वर्षास एक लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकरावरील २५ मिलिमीटर पावसाइतकें. शिक्षकांनीं हें उदाहरण फळ्यावर करून दाखवावें. प्रौढ मंडळीहि आवडीनें करतात, असा आमचा अनुभव आहे.

आतां नळ आले आहेत. परंतु नळास टोंक असतें, आणि टोंकाशीं बहुधा आपली वस्ती असते. वरच्या घरांनीं तोट्या उघड्या ठेवल्या कीं खालीं नुसता वारा येतो. एका गांवच्या ग्रामसभेंत आम्ही बसलों होतों. आपलीं माणसें दाराशीं उभीं होतीं. पाण्याचा विषय निघाला व संपूंहि लागला, तेव्हां एक म्हातारी बाई बोलली, "भाऊसाहेब, आमच्या वस्तीचं पाणी कवा सोडता, ते जरा वहीत बघून सांगा की." ग्रामसेवकांनीं वही उघडली. सर्व आळ्यांच्या वेळा होत्या, वस्तीची नव्हती. सभा क्षणभर गप्प झाली. मग सरपंचांनीं तेथेंच सात ते साडेसात अशी वेळ लिहविली.

पुढच्या खेपेस आम्ही मुद्दाम सकाळीं वस्तीवर गेलों. पाणी आठ वाजतां आलें. म्हातारीनें वेळ पाहून मुलाकडून भिंतीवर कोळशानें लिहून घेतली. तेथें आधींच्या नऊ दिवसांच्या वेळा लिहिलेल्या होत्या.