हिशेब लक्षात ठेवणारे गणकयंत्र
(इयत्ता ४ थी)

वर्गमित्रांनो आणि पालकांनो, गणकयंत्र दुकानात मिळते हे सर्वांना माहीतच आहे. पण आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एक घरीच बनवले, त्याची माहिती मी देत आहे.

आमच्या दोन गाई आहेत. दूध घालतो त्याचे बिल दहा दिवसांनी येते. श्रावणात एका बिलात १८५ रुपये ९० पैसे कमी आले. म्हंजे एका संध्याकाळचे साडेपाच लिटर दूध, दर ३३ रुपये ८० पैसे, लिहायचेच राहिले. आईने हिशेब केला होता, पण साधे यंत्र बंद केले की आकडे पुसतात. पावती पावसात भिजली. दाखवायला काहीच नाही. ते पैसे पेंडीचे होते.

आमचा चुलतदादा तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू नावाचा चिमुकला संगणक आणला. मी पट्टीने मोजला. साडेसहा सेंटीमीटर लांब, तीन रुंद. मुलांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडातल्या केंब्रिज गावच्या लोकांनी असे संगणक काढले. पहिला २०१२ साली आला, हा बिनतारी जोडणीचा २०१७ साली.

त्याला आम्ही १६ बटणांची पाटी जोडली. बटणे सोळा, पण तारा आठच! मला हेच फार आवडले. चार तारा आडव्या ओळींच्या, चार उभ्या रांगांच्या. संगणक एकेका ओळीत वीज सोडतो आणि ती कुठल्या रांगेतून येते ते बघतो. तिसरी ओळ, दुसरी रांग, म्हणजे आठ. गुरुजी वर्गात "तिसऱ्या ओळीतला दुसरा" म्हणाले की आपल्याला कळते ना कोण, तसेच. पडदा सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा आहे. त्यावर आकडे इंग्रजीच उमटतात.

एक गंमत सांगतो. दादाने लॅपटॉपवर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली. उत्तर आले ०.३०००००००००००००००४! संगणक फक्त ० आणि १ या दोन अंकांत मोजतो. आपण १० ला ३ ने भागले की भागाकार संपतच नाही, तसा त्याच्या अंकांत ०.१ संपत नाही. म्हणून आम्ही रुपयांचे पैसे केले. साडेसहा लिटर, दर ३४ रुपये २० पैसे. ६५ गुणिले ३४२० बरोबर २,२२,३००. त्याला १० ने भागले की २२,२३० पैसे, म्हणजे २२२ रुपये ३० पैसे. अपूर्णांकाचे नावच नको.

प्रत्येक हिशेब कार्डावर लिहिला जातो. बाबांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडले की मोबाईलवर दिसतो. जोडायचे आणखी एक कारण आहे. या संगणकात सेलवर चालणारे घड्याळ नाही. तारीख तो इंटरनेटवरून घेतो. तारखेशिवाय हिशेब दाखवून काय उपयोग? वीज मध्येच गेली तर कार्ड बिघडू शकते, म्हणून आम्ही तो पॉवर बँकेवर चालवतो आणि नीट बंद करूनच तार काढतो.

आता रोज धार काढून झाली की आईच बटणे दाबते. मागच्या बिलाशी ताडून पाहिले, पैन्‌पै जुळले.

येत्या शनिवारी मी यंत्र शाळेत आणणार आहे. पालकांनी दुधाच्या पावत्या घेऊन याव्यात. आठचे बटण मात्र जरा जोरात दाबावे लागते.