चित्रफीत मध्येच का थांबते?

सन २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ घरोघरच्या पडद्यावर आले. परळजवळच्या भोईवाड्यासारख्या दाट वस्तीतही घरच्या संगणकावर चित्रफितीतून शिकणे मुलांच्या अंगवळणी पडले. पुढे शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी ती सवय टिकली. परंतु अपूर्णांकांचा पाठ ऐन रंगात यावा आणि चित्र गोठावे, पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, असा अनुभव अनेक घरी येतो. मुलाचे लक्ष उडते. वडील माणसे त्यास चंचल ठरवितात, किंवा संगणक निकामी झाला असे समजून नव्याच्या खर्चात पडतात. पुष्कळदा दोष मुलाचाही नसतो आणि यंत्राचाही नसतो.

चित्रफीत एकदम सबंध येत नाही. ती काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांनी येते. संगणक पुढचे तुकडे आधीच आणून साठवितो आणि त्या साठ्यातून चित्र दाखवितो. चाळीतील पाण्याच्या पिंपाचे उदाहरण घ्यावे. नळाची धार बारीक आणि उपसा मोठा असला, की पिंप कोरडे पडते. येथेही तसेच घडते.

समजा, एका चित्रफितीस दर सेकंदास ३ मेगाबिट माहिती लागते आणि घरी २ मेगाबिटच येते. एका मिनिटाच्या पाठास १८० मेगाबिट लागतील व ते येण्यास ९० सेकंद लागतील. म्हणजे मिनिटामागे ३० सेकंदांचा खोळंबा. चित्राचा दर्जा उतरवून गरज १ मेगाबिटवर आणली, तर तोच पाठ न थांबता चालेल. दर्जा बदलण्याची सोय बहुधा दातेरी चाकाच्या चिन्हाखाली असते. तेथील १०८०, ७२०, ४८०, ३६० हे आकडे चित्रातील आडव्या ओळींची संख्या सांगतात. चित्र किंचित पुसट झाले तरी चालेल. पाठ सलग ऐकू येणे अधिक महत्त्वाचे.

तथापि उपायापूर्वी दोषाचे स्थान शोधावे. प्रथम दुसरी चित्रफीत लावून पाहावी. ती नीट चालली, तर दोष बहुधा पहिल्या फितीचा किंवा ती पुरविणाऱ्या स्थळाचा असतो. तीही अडली, तर त्याच वायफायवर दुसऱ्या यंत्रावर ती पाहावी. तेथेही अडल्यास जोडणी तपासावी : राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, त्याच वेळी दुसरे कोणी मोठी फाईल उतरवीत नाही ना ते पाहावे, जाड भिंत मध्ये येत असल्यास राउटर जवळ आणावा किंवा तारेने जोडावा.

चित्राखालच्या पट्टीतील फिकट रेघ साठा दाखविते. रेघ बरीच पुढे गेली असूनही चित्र अडखळत असेल, तर पुरवठा पुरेसा असून संगणकावरच ताण आहे असे समजावे. इतर उघडी पाने मिटावीत, संगणक पुन्हा सुरू करावा, ब्राउझर अद्ययावत करावा. जुन्या संगणकात आतील नाण्याएवढा सेल संपला, की घड्याळ मागे पडते. मग सुरक्षित स्थळांची प्रमाणपत्रे त्यास अवैध वाटतात व पाने उघडतच नाहीत. अशा वेळी तारीख दुरुस्त करावी आणि सेल बदलून घ्यावा.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चित्रफितींसाठी पूर्वी लागणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे. तो उतरवून घ्या असे एखादे पान सांगू लागले, तर ती फसवणूक समजावी.

एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण हाती लागत नाही. शिक्षकांनीही हाच क्रम पाळावा. मुलाने घरचा पाठ पुरा केला नाही, तर त्याच्या नावापुढे शेरा मारण्यापूर्वी पाठ घरी सलग चालला काय, हे त्यास विचारावे.

स्वाध्याय

१. चित्रफितीस सेकंदाला ५ मेगाबिट लागतात व घरी ४ मेगाबिट येतात. ८ मिनिटांचा पाठ पूर्ण येण्यास किती वेळ लागेल?

२. चित्रफीत संगणकावर अडते, पण त्याच वायफायवर मोबाईलवर नीट चालते. दोष कोठे असावा? कारण सांगा.