पहिलें दृश्य

विद्यार्थिमित्रहो, गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशींची ही गोष्ट आहे. मधल्या सुट्टींत आमच्या वर्गांतील एक मुलगा गळ्यांत पितळी साखळी घालून बांकावर उभा होता आणि ती हातानें उचलून मित्रांना दाखवीत होता. ‘वास्तव’ चित्रपटांतील रघू आपल्या आईला पन्नास तोळ्यांची सोन्याची साखळी दाखवितो, त्या प्रसंगाची ती नक्कल होती. मुलें टाळ्या पिटीत होतीं. आम्हांला पाहतांच साखळी खिशांत गेली. आम्ही रागावलों नाहीं, एवढेंच विचारलें, “बाळ, या चित्रपटाचें पहिलें दृश्य कोणतें?” त्याला तें आठवेना. वर्गांत कोणालाच आठवेना. साखळी मात्र सर्वांना आठवत होती. त्या दिवशीं व्याकरणाचा तास बाजूस ठेवून आम्हीं जो पाठ घेतला, तोच येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम प्रतीक म्हणजे काय तें पाहूं. कसबा पेठेंत राहणाऱ्यांना तांबट आळीची ओळख करून द्यावयास नको. तांब्याच्या भांड्यावर कारागीर हातोडीनें एकसारखे ठोके देतो, त्यास मठारकाम म्हणतात. नवख्यास ती केवळ नक्षी वाटते. परंतु त्याच ठोक्यांनीं पत्रा कठीण होतो व भांडें बळकट होतें. चांगल्या प्रतीकाचेंही असेंच आहे. तें डोळ्यांस शोभा देतें आणि त्याच वेळीं कथेस बळ आणतें. पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३७ सालीं काढलेल्या ‘कुंकू’ चित्रपटांत वृद्ध काकासाहेबांच्या घरांत एक जुनें घड्याळ आहे. तरुण नीरेचा ज्यांच्याशीं विवाह झाला त्यांचें आयुष्य सरत आलें आहे, ही गोष्ट व्याख्यानानें न सांगतां दिग्दर्शक शांताराम यांनीं त्या घड्याळाकडून वदविली आहे. वस्तु साधीच असते. तिला योग्य जागीं ठेविलें म्हणजे ती बोलूं लागते.

आतां गुन्हेगारांच्या कथेकडे वळूं. या जातीच्या चित्रपटांचा एक जुना व नांवाजलेला नमुना म्हणजे हॉवर्ड हॉक्स यांचा १९३२ सालचा अमेरिकन चित्रपट ‘स्कारफेस’. शिकागो शहरांतील कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याच्या चरित्राचा त्यास आधार आहे. पहिल्या दृश्यांत रस्त्यावरील एक दिवा विझतो. मग कॅमेरा मध्यें कोठेंही न तुटतां एका उपाहारगृहांत शिरतो. मेजवानी संपलेली आहे. कागदी पताकांचा कचरा सर्वत्र लोंबत आहे आणि नोकर तो झाडीत आहे. मेजवानीचा यजमान आपणांस सर्व कांहीं लाभल्याच्या तृप्तीनें मित्रांस निरोप देतो व दूरध्वनीकडे जातो. इतक्यांत एक छाया भिंतीवरून सरकत येते. ती शीळ घालीत असते. गोळ्या सुटतात, आणि छाया आली तशी निघून जाते.

या दृश्यांतील प्रत्येक वस्तूस अर्थ आहे. विझलेला दिवा पुढील मरणाची सूचना देतो. पताकांचा कचरा वैभवाची दुसऱ्या दिवशींची किंमत दाखवितो. मारेकऱ्याचा चेहरा न दिसतां केवळ छाया दिसते, कारण ज्यानें हा मार्ग धरिला त्याचें माणूसपण आधींच पुसलें गेलें आहे. पुढें चित्रपटभर जेथें जेथें मृत्यु येतो तेथें तेथें फुलीचें चिन्ह दिसतें : कोठें छपराच्या तुळयांत, तर कोठें खेळाच्या गुणपत्रकावर. ही फुली म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरांतील क्रूस नव्हे. प्रेत कोठें पडलें होतें हें दाखविण्यासाठीं त्या काळचीं वृत्तपत्रें छायाचित्रावर जी खूण करीत, ती ही फुली होय.

याच्या शेजारीं आपल्या मुंबईचा ‘वास्तव’ ठेवून पाहा. महेश मांजरेकर यांचा हा हिंदी चित्रपट १९९९ सालीं आला. परंतु त्यांतील घर मराठी आहे. रघुनाथ नामदेव शिवलकर हा चाळींतला मुलगा मित्रांसह पावभाजीची गाडी लावतो. तेथील एका भांडणांत त्याच्या हातून खून घडतो, आणि एका खुनापासून सुटण्यासाठीं तो दुसऱ्या खुनांच्या आश्रयास जातो. पैसा येतो, दरारा येतो, ती साखळी येते. अखेरीस त्याची आईच त्याच्या विनवणीवरून त्याला गोळी घालते.

परंतु दिग्दर्शकानें आरंभ यांपैकीं कशानेंच केलेला नाहीं. पहिल्या दृश्यांत पिस्तूल नाहीं, मोटार नाहीं, सोनें नाहीं. समुद्रकिनारा आहे, आणि एक कुटुंब मृताचे वार्षिक विधी करीत आहे. त्यांत एक लहान मूल आहे. हे विधी कोणासाठीं, हा प्रश्न तें मूल विचारतें, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरांतून सारी कथा उलगडते.

येथें तीन प्रतीकें आहेत. पहिलें समुद्र : ज्या मुंबईनें रघूला मोठें केलें तिच्या पायाशींच तो आहे, आणि त्याच्या वाळूवर कोणाचेंही पाऊल टिकत नाहीं. दुसरें विधी : तो प्रतिवर्षीं करावयाचा असतो, म्हणजे गेलेल्याचें दुःख मागें राहिलेल्यांना एकदांच सोसून भागत नाहीं. ज्यांच्या घरीं हा विधी नाहीं त्यांनाही त्याचा अर्थ कळतो; आपल्या दफनभूमींत मुलाच्या थडग्यावर फुलें वाहणारी माता आम्हीं पाहिली आहे. तिसरें मूल : त्याच्या वांट्यास ना साखळी आली ना दरारा, केवळ एक प्रश्न आला.

आतां दोन्हीं आरंभांची तुलना करा. ‘स्कारफेस’ खुनानें सुरू होतो आणि प्रेक्षकास विचारावयास लावतो कीं, यापुढें कोण मरणार? ‘वास्तव’ सर्व खून होऊन गेल्यानंतर सुरू होतो आणि विचारावयास लावतो कीं, मागें कोण उरलें? म्हणून दुसऱ्या चित्रपटांतील प्रत्येक झगझगीत वस्तूवर त्या किनाऱ्याची सावली पडलेली आहे.

हें सांगून झाल्यावर वर्ग कांहीं वेळ स्तब्ध होता. मग तोच मुलगा उठला व हळूच म्हणाला, “सर, म्हणजे साखळी दाखवितो तेव्हां तो मेलेलाच असतो ना?” आम्ही होय म्हणालों. याहून अधिक स्पष्टीकरण आम्हांस करतां आलें नसतें. साखळी त्यानें नंतर काय केली हें आम्हीं विचारलें नाहीं.

पालकांस दोन शब्द. असे चित्रपट मुलांना बिघडवितात असें आपण म्हणतां, आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. मधला भाग इतका चकचकीत रंगविलेला असतो कीं, कोवळ्या मनास तोच भुरळ घालतो. त्याचा कांहीं दोष चित्रकर्त्यांकडेही जातो. कोणता चित्रपट कोणत्या वयांत दाखवावा हें आपण ठरवावें. परंतु घरांतील पडद्यावर मुलें तुकडे तुकडे पाहतात, आणि त्या तुकड्यांत पहिलें दृश्य क्वचितच असतें. तेव्हां नुसती बंदी घालून थांबूं नका. शेजारीं बसा, आरंभापासून पाहा, आणि तीन प्रश्न विचारा : प्रथम काय दाखविलें? काय मुद्दाम झांकून ठेविलें? आणि शेवट पाहिल्यावर त्या पहिल्या वस्तूचा अर्थ कसा पालटला?

विद्यार्थिमित्रहो, कवितेची पहिली ओळ वगळून तिचा अर्थ सांगणाऱ्यास आम्ही गुण देत नाहीं, हें तुम्ही जाणतां. डोळ्यांनीं वाचावयाच्या या नव्या पुस्तकासही तोच नियम लावा. दिवे मालवण्यापूर्वीं जागेवर जाऊन बसा, आणि पहिलें दृश्य चुकवूं नका.