मुलांना चरित्र कसे सांगावे?

थोरांचे चरित्र सांगताना आपण जन्मसाल, पदव्या अन् पुण्यतिथी सांगतो, आणि पोरं पेंगतात. आम्ही म्हणतो, एकच प्रसंग नीट सांगा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधी सांगलीकडील दुधगावी, मग १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. पती हयात असता ते उतरवणे त्या काळी अभद्र मानीत.

बालचरित्रात हे एका ओळीत उरकते. माउली, तिथेच थांबा. पोर विचारील, “त्यांनी असं का केलं?” लगेच उत्तर देऊ नका. काल्याचा घास एकमेकांच्या मुखी का घालतो, हे आधी त्यालाच विचारा.

रामकृष्णहरि.